तक्त्यातले जर्मनीसमोरचे शून्य

प्रश्न : मी मिरजेत माध्यमिक शिक्षक असून माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चिंचवडच्या एका कंपनीत दोन वर्षांपासून डिझाइन विभागात काम करते आणि तिच्या हातात महिना ४५ हजार रुपये पडतात. तिला परदेशात एम. एस. करायचे आहे. पुण्यातल्या एका सल्लागारांनी आम्हाला एक पानी तक्ता दिला, त्याचा फोटो सोबत पाठवत आहे. त्यात विद्यापीठांची फी जर्मनी ०, इंग्लंड २४,०००, अमेरिका २८,००० आणि ऑस्ट्रेलिया ४२,००० अशी लिहिली आहे. सल्लागार म्हणतात, एका वर्षात आटोपते म्हणून इंग्लंड घ्या. मुलगी म्हणते, फीच नाही तर जर्मनी का नको? आष्ट्याजवळ आमचा तीन गुंठ्यांचा एनए प्लॉट आहे. तेवढ्याने भागले नाही तर राहते घरही तारण ठेवायची माझी तयारी आहे, पण पत्नीचा त्याला विरोध आहे. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. घराविषयी तुमच्या पत्नींचे म्हणणे बरोबर आहे, एवढे आधीच सांगतो. त्याची कारणे पुढे ओघाने येतील.

आता तो तक्ता पाहू. फोटोत चार देश आणि चार आकडे आहेत, पण एकाही आकड्यापुढे चलनाची खूण नाही. इंग्लंडची रक्कम पौंडात, अमेरिकेची अमेरिकी डॉलरमध्ये आणि ऑस्ट्रेलियाची तिथल्या डॉलरमध्ये आहे, हे तुम्हाला तोंडी सांगितले गेले असेलही; कागदावर मात्र ते नाही आणि घरी बसून चर्चा करताना कागदच समोर असतो. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून मी पौंडाला ११५, युरोला १००, अमेरिकी डॉलरला ८८ आणि ऑस्ट्रेलियन डॉलरला ५८ रुपये असे गोल दर धरतो. प्रत्यक्ष पैसे पाठवाल त्या दिवशीचा दर वेगळा असेल. या दराने इंग्लंडचे २४,००० म्हणजे २७ लाख ६० हजार, अमेरिकेचे २८,००० म्हणजे सुमारे २४ लाख ६५ हजार आणि ऑस्ट्रेलियाचे ४२,००० म्हणजे सुमारे २४ लाख ३५ हजार रुपये होतात. म्हणजे तक्त्यात सर्वांत मोठा दिसणारा आकडा रुपयांत त्या तिघांतला सर्वांत लहान निघाला. त्यातही आणखी एक मेख आहे. इंग्लंडची रक्कम संपूर्ण पदवीची आहे, कारण तिथली मास्टर्स बहुधा एका वर्षाची असते. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या रकमा एका वर्षाच्या आहेत आणि तुमच्या मुलीच्या विषयातला अभ्यासक्रम दोन्हीकडे साधारण दोन वर्षे चालतो. एकाच रकान्यात कुठे वर्षाचा आणि कुठे पदवीचा आकडा लिहिला, तर त्याला तुलना म्हणता येत नाही.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया हे दोन देश तुमच्या परिस्थितीत मी थोडक्यात बाजूला ठेवतो. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांची फी जवळपास ४९ लाख होते, व्हिसासाठी राहणीखर्चाचे वर्षाला २९,७१० डॉलर दाखवावे लागतात आणि नुसत्या व्हिसाच्या अर्जाचे शुल्क १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, म्हणजे एक लाख १६ हजार रुपये आहे. अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. अमेरिकेत दोन वर्षांची फी आणि राहणे धरून हिशेब सहज ऐंशी लाखांवर जातो. रिसर्च किंवा टीचिंग असिस्टंटशिप मिळून फी माफ झाली तर तिथले चित्र पूर्ण पालटते, हे खरे आहे, पण मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ती हमखास मिळेल असे धरून घर चालवता येणार नाही. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्यांना ते लागू नाही असा खुलासा नंतर झाला, तरीही एवढे कर्ज डोक्यावर असताना दर सहा महिन्यांनी असे खुलासे वाचत बसायची वेळ मुलीवर यावी, असे मला वाटत नाही.

राहिले जर्मनी आणि इंग्लंड, आणि तुमच्या घरातला वादही या दोन देशांचाच आहे.

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे खरे आहे. ते पूर्वापार चालत आलेले दानही नाही. २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने शुल्क आकारण्याची वाट मोकळी केल्यावर अनेक राज्यांनी ते घेऊन पाहिले, लोकांना ते रुचले नाही आणि २०१४ पर्यंत एकेक करून सगळ्यांनी ते मागे घेतले. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय असल्यामुळे ‘जर्मनीत फी नाही’ हे वाक्य राज्यागणिक आणि विद्यापीठागणिक तपासावे लागते. तुमच्या मुलीसाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण मेकॅनिकल आणि मोटार उद्योगासाठी ज्यांचे नाव आधी घेतले जाते ती स्टुटगार्ट आणि कार्लसरूऽ ही दोन्ही शहरे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात आणि त्या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क लावले आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून परदेशी विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. आखेनचे विद्यापीठ दुसऱ्या राज्यात आहे आणि तिथे हे शुल्क नाही. म्हणजे एकाच देशातल्या, एकाच विषयाच्या नामवंत विद्यापीठांचे तीन वेगळे भाव झाले. तक्त्यात मात्र सगळ्यांसाठी एकच शून्य आहे. खासगी विद्यापीठांची तर गोष्टच निराळी. ती भरपूर फी घेतात, आणि सल्लागारांना कमिशन मिळण्याची शक्यता बहुधा तिथेच अधिक असते, हे लक्षात ठेवून त्यांनी सुचवलेल्या प्रत्येक नावापुढे ‘सरकारी की खासगी’ एवढा प्रश्न अवश्य लिहा.

‘युरोपात शिक्षण फुकट’ ही समजूत एकूणच जुनी होत चालली आहे. डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि शेवटी नॉर्वेनेही २०२३ मध्ये आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. फ्रान्सने २०१९ पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्ससाठी वर्षाला ३,७७० युरो ठरवले आणि पुढे त्यात थोडी थोडी वाढ झाली. तिथली कित्येक विद्यापीठे त्यातून सूटही देतात. मुलीने फ्रान्सचा विचार करायला हरकत नाही, फक्त इंग्रजीतून शिकवले जाणारे आणि तिच्या विषयाचे अभ्यासक्रम आहेत का, हे तिने आधी पाहावे.

आता फी शून्य असलेल्या जर्मन विद्यापीठात प्रवेश मिळाला असे समजू. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचे, म्हणजे इथल्या पदव्या-गुणपत्रिका तपासणाऱ्या जर्मन केंद्राचे, प्रमाणपत्र सक्तीचे आहे, त्याला १८,००० रुपये लागतात. व्हिसापूर्वी एका वर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे १२ लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. पुष्कळ पालक याला फी समजतात. ही फी नव्हे, मुलीचेच पैसे आहेत, पण ते तिला महिन्याला ९९२ युरो याच गतीने परत मिळतात. आणि पहिल्याच महिन्यात ही गती अपुरी पडते. ते कसे, हे नमुन्यादाखल दाखवतो. खोलीच्या जाहिरातीत ‘३८० काल्ट, ४७० वार्म’ असे लिहिलेले असते. काल्ट म्हणजे थंड आणि वार्म म्हणजे गरम; आंघोळीच्या पाण्याशी याचा संबंध नसून पहिले नुसते भाडे आणि दुसरे हीटिंग वगैरे धरून द्यायचे भाडे आहे. घरमालक कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढी अनामत घेऊ शकतो, म्हणजे या खोलीसाठी १,१४० युरो. पहिल्या महिन्याचे ४७० धरून मुलीने दारात पाऊल ठेवण्याआधीच १,६१० युरो गेले आणि खात्यातून सुटले ९९२. त्यात विद्यार्थ्याचा सरकारी आरोग्यविमा महिना १४० युरोंच्या घरात असतो, आणि घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोंची वर्गणी असते. घरात चार जण असतील तर ती वाटून घेता येते. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटखेरीज दोन लाख रुपये मुलीच्या हाताशी वेगळे असले पाहिजेत. अनामत पुढे परत मिळते, पण ती खोली सोडताना.

दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. जर्मन मास्टर्स कागदावर चार सेमिस्टरची असते. इंटर्नशिप, पार्टटाइम काम आणि प्रबंध यांच्या ओढाताणीत ती पाच सेमिस्टरवर जाणे इतके सर्रास आहे की मी हिशेब अडीच वर्षांचाच करतो. ३० महिन्यांचे ९९२ युरोप्रमाणे २९,७६० युरो, शिवाय दर सेमिस्टरचा विद्यार्थी-निधी साधारण ३०० युरोप्रमाणे १,५००. एपीएस आणि व्हिसा धरून हे साडेएकतीस लाख रुपये झाले. अडीच वर्षे पगार बंद राहील, त्याचे आणखी साडेतेरा लाख. एकूण ४५ लाख.

इंग्लंडचा हिशेब असा : फी २७ लाख ६० हजार. राहणीखर्चासाठी तिथले सरकार लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड धरते आणि व्हिसासाठी त्याची नऊ महिन्यांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असावी लागते. आपण बारा महिने धरू, ते सव्वासोळा लाखांच्या आसपास होतात. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार द्यावा लागतो आणि एका वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा त्यापुढे चार महिने अधिक असल्याने दीड वर्षाचे १,१६४ पौंड आगाऊ भरावे लागतात. त्यात व्हिसाचे २०२५ च्या दराने ५२४ पौंड. अशी बेरीज पावणेसेहेचाळीस लाखांच्या घरात जाते आणि एका वर्षाच्या बुडालेल्या पगाराचे ५ लाख ४० हजार मिळवले की ५१ लाख होतात. विमानाचे तिकीट मी दोन्हीकडे धरलेले नाही.

म्हणजे तक्त्यात जर्मनी आणि इंग्लंड यांच्यात जे २७ लाखांचे अंतर दिसत होते, ते वेळेची किंमत धरल्यावर सहा लाखांवर आले. ‘एका वर्षात आटोपते’ हा सल्लागारांचा मुद्दा म्हणूनच अगदी टाकाऊ नाही. चुकीचा त्यातून काढलेला निष्कर्ष आहे. बुडालेला पगार हा तोटा खराच, पण तो बँकेकडून उसना घ्यावा लागत नाही आणि त्यावर व्याज चढत नाही. उसने घ्यावे लागतात ते जर्मनीसाठी साडेएकतीस आणि इंग्लंडसाठी पावणेसेहेचाळीस लाख.

शिवाय पैसे कसे जातात, यात माझ्या मते सर्वांत मोठा फरक आहे. इंग्लंडमध्ये फीचा मोठा भाग सुरुवातीलाच भरावा लागतो. जर्मनीत पैसे महिन्यामहिन्याने जातात. समजा पहिल्या सेमिस्टरनंतर मुलीला वाटले की हा विषय आपला नव्हे, किंवा घरात काही अडचण आली आणि तिला परतावे लागले, तर जर्मनीत सहा-सात लाखांवर भागते. इंग्लंडमध्ये तोवर फी गेलेली असते. पूर्वीच्या देणगीदारांनाही महिन्याचा हिशेब कळत होता. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा बडोद्याची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, अशी ठरली होती. आणि पुढे १९१७ मध्ये तिची मुदत संपली तेव्हा लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून बाबासाहेबांनाही मायदेशी परतावे लागले होते.

शिक्षणानंतर नोकरी शोधायला किती काळ मिळतो, या बाबतीत इंग्लंड आजवर पुढे होते. तिथे दोन वर्षे मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना १८ महिनेच मिळणार आहेत आणि जर्मनीतही १८ महिनेच आहेत, त्यामुळे तोही तराजू आता समान झाला. जर्मनीत शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. मात्र तिथे अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कारखान्यातली बैठक जर्मनमध्ये चालते. चिंचवडची नोकरी सांभाळून मुलीने आजपासून जर्मन शिकायला घ्यावी आणि निघण्यापूर्वी निदान बी-१, म्हणजे रोजचा व्यवहार जमेल अशी, पातळी गाठावी; पुण्यात त्यासाठी मॅक्सम्युलर भवन आहे. जर्मनीचा खर्च म्हणून मी कुठला एक आकडा वाढवणार असेन, तर तो या वर्गाच्या फीचा.

आता कर्ज. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांच्या मुदतीत एका लाखाला साधारण १,३२० रुपये हप्ता पडतो. साडेएकतीस लाखांना तो सुमारे ४१,६०० होतो आणि ४६ लाखांना ६०,८००. शिकत असताना चढलेले व्याज यात नाही. दुसऱ्या वर्षापासून अठरा महिने मुलीने कामातून महिन्याला ५०० युरो मिळवले, तर कर्जाची उचल नऊ लाखांनी कमी होऊन हप्ता तीस हजारांखाली येतो. पण तिला तिथे नोकरी लागेल हे धरून नव्हे, तर ती परत पुण्यात आली आणि तिला, समजा, ७० हजार मिळू लागले असे धरून हे आकडे पाहा. इंग्लंडच्या हप्त्यानंतर तिच्या हातात नऊ हजार उरतात. तेवढ्यात पुण्यात खोलीचे भाडेही निघत नाही, म्हणजे हप्त्याचा उरलेला भार तुमच्या निवृत्तिवेतनावर येणार आणि तो फेडता आला नाही तर बँक तुमच्या घराच्या दारात येणार. तुमच्या पत्नींना हे आकड्यांशिवाय कळले आहे. प्लॉट तारण द्या. एनए असल्यामुळे सरकारी बँकेला तो चालायला हरकत नसावी, आणि साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका बहुधा तारण मागतातच. प्लॉटवर जेवढे मिळेल तेवढी आपली मर्यादा समजा आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नका.

बँकेत जाल तेव्हा मंजुरीपत्रात फीबरोबर राहणीखर्च आणि ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम स्पष्ट नमूद करून घ्या, कारण फी नसलेल्या पदवीसाठी कर्ज कशाला, हा प्रश्न शाखेत विचारला जाण्याची बरीच शक्यता आहे. पीएम विद्यालक्ष्मी योजनेचे नाव कोणी काढले तर ती भारतातल्या संस्थांसाठीच आहे. परदेशी पाठवलेल्या पैशांवरचा टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर) एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत लागत नाही आणि मान्यताप्राप्त संस्थेचे शैक्षणिक कर्ज असेल तर त्या रकमेवर मुळीच लागत नाही. म्हणून पैसे तुमच्या बचत खात्यातून फिरवून न पाठवता थेट कर्जखात्यातून जाऊ द्या. जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून परदेशी शिकणाऱ्यांना सवलतीच्या अटींवर कर्ज-शिष्यवृत्ती देते, तिथे मुलीने अर्ज जरूर करावा. जर्मनीच्या डाड संस्थेच्या शिष्यवृत्त्यांपैकी काहींना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो तिच्याकडे आहे. तुम्ही अनुसूचित जातीच्या किंवा राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीला पात्र अन्य प्रवर्गात येत असाल, तर सगळ्यांत आधी तिची जाहिरात पाहा, कारण तिच्यात फीबरोबर निर्वाहभत्ताही मिळतो आणि मग वरचा अर्धा हिशेब तुम्हाला करावाच लागणार नाही.

सल्लागारांचा तो तक्ता मुलीला नव्याने मांडायला सांगा. देशाऐवजी विद्यापीठाचे नाव, आणि फीनंतर तीन रकाने : निघण्यापूर्वी हातात किती लागतील, पुढे महिन्याला किती लागतील, आणि किती महिने. जर्मनीच्या हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलैला आणि काही ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी संपते. एपीएसला वेळ लागतो, तेव्हा १८,००० रुपयांचा तो पहिला खर्च तेवढा पुढच्या आठवड्यात करून टाका. बाकीचे पैसे तक्ता भरून होईपर्यंत कुठेही भरू नका, सल्लागारांकडेसुद्धा.